गव्हाच्या मुळाशी

१९१९ सालचा वसंत. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या ग्रॅनाइट सिटी या गावाच्या आसपास बर्फ वितळून गव्हाची शेतं वर येऊ लागली होती. आपला गहू कार्तिकात पेरला की फाल्गुनात काढणीला येतो. तिकडचा गहू पानगळीच्या दिवसांत पेरतात. रोपं चार-सहा बोटं वाढली की थंडी पडते, मग दोन-तीन महिने ती बर्फाखाली निपचित पडून राहतात, आणि मार्चमध्ये ऊब आली की तरारून उठतात. त्या वर्षी काही शेतांतला गहू उठलाच नाही. शेजारचं पीक गुडघ्याला लागलं तरी मधले काही पट्टे जमिनीला चिकटून राहिले. रोपं मेलेली नव्हती. उलट एकेका रोपाला नको इतके फुटवे आले होते. पानं आखूड आणि गर्द निळसर-हिरवी होती. दांडा वर सरकत नव्हता, त्यामुळे ओंबी येण्याचा प्रश्नच नव्हता.

शेतकऱ्यांनी आधी थंडीला दोष दिला, मग हेसियन माशी या गव्हावरच्या किडीला. सरकारी तज्ज्ञ आले तेव्हा त्यांच्या मनात वेगळीच भीती होती. ऑस्ट्रेलियात ‘टेक-ऑल’ नावाचा मुळं कुजवणारा रोग शेतंच्या शेतं घेऊन जात होता. तोच इथे आला असावा, असं त्यांना वाटलं. त्याच वर्षी त्याच परिसरात गव्हाच्या पानांवरची काणीही अमेरिकेत पहिल्यांदा सापडली होती. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि भुकेला युरोप अमेरिकेच्या गव्हाकडे डोळे लावून बसला होता. अशा वेळी गव्हावर नवा रोग आला म्हटल्यावर वॉशिंग्टनमधलं कृषिखातं हादरलं तर नवल नाही.

या रोगाचा छडा लावायला जे लोक लागले, त्यांत हॅरॉल्ड मॅकिनी हे तिशीतले वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. पुढे त्यांनी जे केलं ते मला आजही शेतीशास्त्रातल्या उत्तम कामांपैकी एक वाटतं, कारण त्यासाठी त्यांच्याकडे फारशी साधनंच नव्हती. विषाणू डोळ्यांनी दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यायला अजून वीस वर्षं होती. विषाणू म्हणजे नेमकं काय, यावर विद्वानांत एकमत नव्हतं. हाताशी होती ती कुंड्यांतली माती, गव्हाचं बी आणि वाफ.

त्यांच्या कामामागचा प्रश्न साधा होता: रोग नेमका कशातून येतो? बियातून म्हणावं, तर रोगट शेतातलं बी चांगल्या मातीत पेरलं की रोपं निकोप येत होती. हवेतून किंवा किड्यामुळे म्हणावं, तर तो वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यात का राहतो, शेजारच्या शेतात का उडी मारत नाही? रोगट पट्ट्यातली माती उचलून कुंडीत भरली आणि त्यात निकोप बी पेरलं की रोग हमखास येत होता. तीच माती वाफेने तापवली किंवा तिला फॉर्मॅलिन दिलं की गहू सरळ वाढत होता. म्हणजे जे काही होतं ते मातीत होतं, जिवंत होतं आणि उष्णतेने मरत होतं. पण मुळांवर कुजवणारी बुरशी काही सापडत नव्हती. मग रोगट पानांचा रस निकोप रोपांना टोचून पाहिला गेला, तर त्या रोपांवरही पिवळसर-हिरव्या रेघांचं चित्र उमटलं. १९२३ आणि १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखांत मॅकिनींनी निष्कर्ष मांडला: हा विषाणूजन्य मोझॅक रोग आहे आणि तो मातीतून येतो.

तोवर झाडांचे विषाणू म्हटलं की मावा, तुडतुडे, कलमं, हाताळणी हेच मार्ग डोळ्यांसमोर येत. माती हा विषाणूचा मुक्काम असू शकतो, ही कल्पनाच नवी होती. या रोगाला पुढे ‘सॉइल-बोर्न व्हीट मोझॅक’ असं नाव रूढ झालं. मॅकिनींची दृष्टी किती तीक्ष्ण होती याचा आणखी एक दाखला द्यायचा मोह होतो. १९२९ साली तंबाखूवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की सौम्य विषाणूची लागण आधीच झालेल्या झाडाला त्याच्याच उग्र भावंडाची लागण होत नाही. पुढे ब्राझीलमध्ये ट्रिस्टेझा रोगापासून संत्र्याच्या बागा वाचवल्या गेल्या त्या याच तत्त्वावर. नागपूर-अमरावतीकडच्या बागायतदारांना ट्रिस्टेझा हे नाव नवं नाही.

विषाणू मातीत आहे हे ठरलं, तरी खरी गोम पुढेच होती. विषाणूला पाय नाहीत, तोंड नाही, जिवंत पेशीबाहेर त्याची वाढही होत नाही. मग उन्हाळाभर कोरड्या, भेगाळलेल्या मातीत तो तग कसा धरतो, आणि पाऊस पडल्यावर गव्हाच्या मुळात शिरतो तरी कसा? या प्रश्नाचं उत्तर मिळायला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

उत्तराचा पहिला धागा भलत्याच ठिकाणी सापडला होता, पण तो याच प्रश्नाचा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. १९३९ साली कॅनडात जी. ए. लेडिंगहॅम यांनी गव्हाच्या मुळांत राहणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचं वर्णन केलं आणि त्याला ‘पॉलिमिक्सा ग्रॅमिनिस’ हे नाव दिलं. तो मुळात राहतो, पण मुळाला फारशी इजा करत नाही, म्हणून एक शास्त्रीय नोंद यापलीकडे त्याला महत्त्व मिळालं नाही. पुढे साठच्या दशकात नेब्रास्का विद्यापीठात मायरन ब्रॅके विषाणूंवर काम करत होते. वेगवेगळ्या घनतेच्या साखरेच्या द्रावणात फिरवून विषाणू शुद्ध करण्याची जी पद्धत आज जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात, ती त्यांनीच १९५१ साली बसवली. ए. पी. एस्टिस यांच्याबरोबर १९६६ मध्ये आणि ए. एस. राव यांच्याबरोबर १९६९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की गव्हाच्या मुळात विषाणू पोचवणारा हाच तो निरुपद्रवी वाटलेला पॉलिमिक्सा.

सूक्ष्मदर्शकाखाली हा प्राणी, खरं तर याला प्राणीही म्हणता येत नाही आणि वनस्पतीही, कसा दिसतो ते नीट पाहण्यासारखं आहे. रोगट गव्हाची केसासारखी बारीक मुळं धुऊन, रंगद्रव्यात बुडवून काचपट्टीवर घेतली, की मुळाच्या पेशींत दाणेदार पुंजके दिसतात. एकेक दाणा मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा, आणि असे कितीतरी दाणे एकमेकांना चिकटून पेशीभर भरलेले. हे त्याचे विश्रामबीजाणू. पीक निघालं, मूळ कुजलं की हे पुंजके मातीत मोकळे होतात. त्यांचं कवच इतकं चिवट असतं की दुष्काळ, बर्फ, नांगरट, पड या कशाचंही त्यांना काही वाटत नाही. अनेक दशकं ते जिवंत राहतात.

जमीन पाण्याने चिंब झाली आणि जवळपास गव्हाचं कोवळं मूळ आलं, की या दाण्यातून एक नागडी, कवचहीन पेशी बाहेर पडते. तिला दोन शेपट्या असतात, एक आखूड, एक लांब. मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून ती पोहत मुळाच्या केसापर्यंत पोचते, शेपट्या टाकून देते आणि तिथेच चिकटते. मग तिच्या आत एक टोकदार सुई तयार होते. ती सुई मुळाच्या पेशीभित्तीत घुसते आणि पोहत आलेल्या पेशीतला सारा ऐवज मुळात ओतला जातो. बाहेर उरतं ते रिकामं टरफल. त्या ऐवजात विषाणू असेल, तर तोही आत जातो. मुळात परजीवी वाढतो, दोन-तीन आठवड्यांत नव्या पोहणाऱ्या पेशी सोडतो किंवा पुन्हा चिवट बीजाणू करतो, आणि जाताना नवीन विषाणू घेऊन जातो. २००४ साली ओक्लाहोमातल्या संशोधकांना या विश्रामबीजाणूंच्या आत गव्हाच्या विषाणूचं जनुकीय द्रव्य सापडलं. म्हणजे विषाणू बीजाणूच्या अंगाला चिकटून राहत नाही, तो त्याच्या पोटात राहतो. मॅकिनींच्या कुंडीतली माती जिवंत का होती, याचं हे उत्तर.

पॉलिमिक्साला कित्येक वर्षं बुरशी म्हणूनच शिकवलं गेलं. जनुकीय अभ्यास झाला तेव्हा कळलं, की हा वेगळ्याच सूक्ष्मजीव-कुळातला आहे आणि खऱ्या बुरशीशी त्याचं नातं फार दूरचं. या गोष्टीला शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा अर्थ आहे. दुकानातली बुरशीनाशकं याच्यावर उपाय म्हणून उपयोगी नाहीत.

आता शेतात काय दिसतं ते. कॅन्सस, ओक्लाहोमा, नेब्रास्का या राज्यांत फेब्रुवारी-मार्च हे या रोगाचे महिने. लांबून पाहिलं तर हिरव्या शेतात फिकट पिवळे डाग. ते बहुधा सखल भागात, पाणी साचतं तिथे, किंवा ओढ्याच्या कडेने पसरलेले असतात. आपल्याकडे ज्याला चिबड जमीन म्हणतात ती या परजीवीची आवडती, कारण त्याला पोहायला पाणी लागतं. जवळ जाऊन पान हातात घेतलं तर त्यावर शिरांच्या दिशेने हिरव्या आणि पिवळसर तुटक रेघा दिसतात. याचाच सोबती असलेल्या दुसऱ्या विषाणूमुळे, कॅनडातल्या ओंटारिओत जॉन स्लाइखाउस यांनी शोधून काढलेल्या ‘व्हीट स्पिंडल स्ट्रीक मोझॅक’मुळे, रेघा दोन्ही टोकांना निमुळत्या होतात. दोन्ही विषाणूंना तोच परजीवी वाहून नेतो, म्हणून पुष्कळ शेतांत ते जोडीने नांदतात.

आणि मग मार्च संपतो, ऊन चढतं, आणि डाग नाहीसे होतात. हा रोग थंडीचा. पारा विशीच्या वर जाऊन टिकला की नवी पानं स्वच्छ हिरवी येतात आणि शेत सुधारल्यासारखं दिसतं. पण मुळांचं आणि फुटव्यांचं नुकसान झालेलंच असतं. ओंब्या कमी येतात, दाणे कमी भरतात. रोगाला सहज बळी पडणाऱ्या जातीत आणि थंडी लांबलेल्या वर्षी उत्पन्न ८० टक्क्यांपर्यंत घटल्याच्या नोंदी आहेत. ज्या शेतकऱ्याने मार्चमध्ये शेत पाहिलं नाही आणि थेट मेमध्ये पाहिलं, त्याला उतारा का घटला ते कधीच कळत नाही.

फसगत होते ती इथेच. पिवळं शेत पाहिलं की जगातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो नत्र कमी पडल्याचा. खत टाकलं जातं. पंधरा दिवसांत ऊब येते, शेत हिरवं होतं, आणि श्रेय खताला जातं. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यात तेच. खताच्या पिशव्या वाढत जातात, रोगाचं निदान होत नाही, आणि नांगराच्या फाळाला, ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून ती माती शेजारच्या शेतात जाते.

उपाय म्हणून काय काय करून पाहिलं गेलं नाही? फॉर्मॅलिन आणि वाफ कुंडीत ठीक, शंभर एकरांत कोण देणार? मिथाइल ब्रोमाइडची धुरी काम करायची, पण ती गव्हासारख्या पिकाला कधीच परवडणारी नव्हती. शिवाय ओझोनचा थर फाडणारा वायू म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांना त्याचा सर्वसाधारण वापर २००५ पर्यंत थांबवावा लागला. पिकाची फेरपालट करावी म्हटलं, तर दशकानुदशकं झोपून राहणाऱ्या बीजाणूला चार वर्षांच्या फेरपालटीचं काय? पेरणी उशिरा केली तर थोडा फरक पडतो, कारण थंड जमिनीत परजीवी मंदावतो, पण उशिराचा गहू बर्फात टिकेल याची खात्री नसते.

शेवटी एकच उपाय उरला, आणि त्याचा रस्ता १९१९ च्या त्या शेतांतच दिसला होता. तिथे ‘हार्वेस्ट क्वीन’ नावाची जात खुजी होऊन बसत होती, आणि त्याच मातीत काही दुसऱ्या जाती चांगल्या उभ्या होत्या. गव्हाच्या काही वाणांत या रोगाला तोंड देण्याची ताकद उपजतच होती. ती हेरायची, आणि चांगलं पीक देणाऱ्या जातींत आणायची.

हे काम कसं चालतं, ते मला या साऱ्या कथेतलं सर्वांत विलक्षण वाटतं. कॅन्ससमधल्या मॅनहॅटन गावी, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला, इटलीत बोलोन्याजवळ, संशोधकांनी रोगट जमिनी मुद्दाम राखून ठेवल्या आहेत. शेतकरी ज्या जमिनीला शिव्या देईल, ती इथे जपली जाते. दर पानगळीत तिथे शेकडो नव्या वाणांच्या ओळी पेरायच्या, मधूनमधून हमखास बळी पडणारी जात लावायची, आणि वसंतात एकेका ओळीपुढे उभं राहून आकडे टाकायचे: किती पिवळं, किती खुजं. हवामानाने दगा दिला, थंडी पडली नाही, तर वर्ष वाया. मग पुन्हा पुढच्या वर्षी. असं एक ना दोन, अनेक दशकं. १९७७ साली कॅन्सस राज्य विद्यापीठाने ‘न्यूटन’ ही जात दिली. ती बुटकी होती, भरघोस होती आणि या मोझॅकला दाद न देणारी होती. काही वर्षांतच ती कॅन्ससमध्ये सर्वाधिक पेरली जाणारी जात झाली. आज तिथल्या विद्यापीठाच्या गहू-जातींच्या माहितीपत्रकात तांबेऱ्याप्रमाणेच या मातीच्या मोझॅकचाही वेगळा रकाना असतो, आणि मध्य व पूर्व कॅन्ससमधला शेतकरी तो रकाना पाहिल्याशिवाय बी घेत नाही.

अशा जातीच्या मुळांतही परजीवी शिरतो. विषाणूही काही प्रमाणात शिरतो. पण मुळातून वर पानांकडे जाण्याची त्याची वाट अडते. म्हणून पीक निभावतं, जमीन मात्र शुद्ध होत नाही. ही ताकद थंड हवेत पक्की असते. प्रयोगशाळेत तापमान पंचविशीला नेलं तर ती ढिली पडलेली दिसली आहे. हवामान बदलाच्या दिवसांत ही गोष्ट काळजीची आहे.

इंग्लंडला या रोगाची गाठ फार उशिरा पडली. १९९९ साली विल्टशरमधल्या शेतात युरोपी प्रकारचा हा विषाणू पहिल्यांदा सापडला. फ्रान्स आणि इटलीत तो आधीपासून होता. रॉथॅमस्टेड या जुन्या संशोधन संस्थेने हात धुऊन मागे लागून पाहिलं, तर ‘कॅडेन्झा’ आणि ‘क्लेअर’ या आधीच पेरल्या जाणाऱ्या जातींत प्रतिकार निघाला. कॅडेन्झातलं जनुक गव्हाच्या पाचव्या ‘डी’ गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे, हेही पुढे ठरलं. पूर्वेकडे, जपान आणि चीनमध्ये, याच परजीवीबरोबर येणारा ‘व्हीट यलो मोझॅक’ हा मोठा वैरी. चीनमध्ये यांगत्से आणि हुआई नद्यांच्या खोऱ्यांत तो गव्हाच्या मुळावर उठलेला आहे. २०२३ साली जपानी संशोधकांनी त्याला अडवणारं ‘वाय-एम-टू’ हे जनुक वेगळं काढून दाखवलं. ते मुळात गव्हाचं नव्हेच, ‘एजिलॉप्स शॅरोनेन्सिस’ या रानगवताकडून ते गव्हात आलं. रानटी म्हणून बांधावर उपटून टाकलं जाणारं गवत असं कधी कामी येईल सांगता येत नाही. जुन्या वाणांचं आणि रानगवतांचं बी सरकारी पैशाने साठवून ठेवावं, असं शास्त्रज्ञ कंठशोष करून सांगतात ते याचसाठी.

आता आपल्या देशाकडे वळू, कारण पॉलिमिक्सा इथेही आहे. त्याची ओळख मात्र गव्हामुळे झाली नाही, भुईमुगामुळे झाली. १९७७ साली पंजाबात भुईमुगाच्या शेतांत गर्द हिरव्या, खुज्या, झुडपासारख्या रोपांचे पट्टे दिसले. पट्टे पुढच्या वर्षी त्याच जागी. हैदराबादजवळ पाटनचेरूला असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत डी. व्ही. आर. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ‘क्लम्प’ रोगाच्या विषाणूचा शोध लावला. गुजरात, राजस्थान, आंध्र, तमिळनाडू इथल्या रेताड जमिनींतही तो निघाला. त्याचे तीन प्रमुख प्रकार हैदराबाद, लुधियाना आणि राजस्थानातल्या दुर्गापुरा या ठिकाणांवरून ओळखले जातात. हा विषाणू अमेरिकी गहू-विषाणूचा सख्खा भाऊ नव्हे, चुलत म्हणता येईल. पण त्याला वाहून नेणारा तोच, पॉलिमिक्सा.

इक्रिसॅटमधल्या लोकांनी बेल्जियमच्या लूव्हां विद्यापीठातले फिलिप डेलफॉस, ॲन लेग्रेव्ह यांच्याबरोबर हे काम पुढे नेलं, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट उलगडली. भुईमूग हे या परजीवीचं खरं घर नाहीच. त्याची खरी घरं म्हणजे तृणधान्यं: बाजरी, ज्वारी, मका, नाचणी, गहू, जव. तो त्यांच्या मुळांत सुखाने वाढतो, बीजाणू करतो, आणि विषाणूचा साठा जमिनीत भरत राहतो. पुढच्या हंगामात तिथे भुईमूग आला की त्याला त्याची फळं भोगावी लागतात. म्हणजे धान्य आणि भुईमूग आलटून पालटून घेण्याची जी फेरपालट आपण शहाणपणाची मानतो, ती अशा दूषित जमिनीत रोगालाच पोसते.

आणि गव्हाचं काय? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गव्हाचं चित्र स्पष्ट आहे. हैदराबाद प्रकारच्या विषाणूची लागण लवकर झालेली गव्हाची रोपं खुजी, गर्द हिरवी आणि झुडपासारखी झाली, नव्या पानांवर पिवळसर रेघा आल्या. त्यांतली बहुतेक मेली. जी जगली त्यांच्या ओंब्या वेड्यावाकड्या आणि पोकळ निघाल्या. आर-आर-२१ ही जात, म्हणजे हरित क्रांतीच्या काळात देशभर गाजलेली सोनालिका, या रोगात निम्म्याहून अधिक उत्पन्न गमावते असं दिसलं. आणखी चिंतेची बाब अशी की शेकड्यात एखाद्या दाण्यातून विषाणू पुढच्या पिढीत गेला. ही लक्षणं अमेरिकी मोझॅकशी सहज गल्लत व्हावी इतकी मिळतीजुळती आहेत. ग्रॅनाइट सिटीच्या शेतकऱ्याने ते रोप पाहिलं असतं तर ओळखीचं वाटलं असतं.

फरक आहे तो तापमानाचा. भारतातला पॉलिमिक्सा उष्ण प्रदेशातला आहे; लेग्रेव्ह यांनी २००२ साली या परजीवीचे जे पाच उपप्रकार सांगितले त्यांत समशीतोष्ण आणि उष्ण कटिबंधातले वेगवेगळे आहेत. अमेरिकेत थंडीमुळे जे घडतं ते आपल्याकडे ऊब असताना घडतं. म्हणून जमीन तापलेली असताना, लवकर पेरलेल्या गव्हाला धोका जास्त. थंडी पडल्यावर पेरलेला गहू पुष्कळसा सुटतो.

इक्रिसॅटने एक साधा, हाताने करता येण्याजोगा उपायही पारखला. भुईमुगाआधी पाणी देऊन बाजरी दाट पेरायची, आणि उगवून साधारण दोन आठवडे झाले की मुळांसकट उपटून टाकायची. परजीवी बाजरीच्या मुळांत शिरतो, पण नवे बीजाणू करायच्या आत घरच उपटलं जातं. उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर प्लास्टिक अंथरून ती तापू देण्याचाही उपयोग दिसला, अर्थात तो खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. प्रतिकारक भुईमूग मात्र हजारो वाण धुंडाळूनही हाती लागला नाही. निसर्ग सगळीकडेच उदार नसतो.

महाराष्ट्रात नाशिक, धुळे, अहिल्यानगर, सातारा या पट्ट्यांत बाजरी, भुईमूग आणि गहू एकाच शिवारात फिरतात. आपला गहू मुख्यतः भारी काळ्या जमिनीत असतो आणि क्लम्प रोगाला रेताड जमीन मानवते, हे आपल्या बाजूचं. पण नदीकाठच्या हलक्या, वाळूमिश्रित जमिनी आपल्याकडेही आहेत, आणि ठिबक-तुषारामुळे हंगामभर ओल धरणारी शेतं वाढत आहेत. निफाडजवळ कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी तांबेऱ्याला पुरून उरणाऱ्या जाती आपल्याला दिल्या. तपोवन, त्र्यंबक, एमएसीएस ६२२२ ही नावं गहू पेरणाऱ्या माणसाला सांगावी लागत नाहीत. तांबेरा वाऱ्यावर येतो, सगळ्यांना दिसतो, त्याची ओरड होते. मुळाशी बसलेल्या रोगाची ओरड होत नाही. म्हणून त्याच्याकडे कुणीतरी मुद्दाम पाहावं लागतं. इलिनॉयमध्ये ते पाहणारे मॅकिनी सरकारी नोकर होते, नेब्रास्का-कॅन्ससमधली मंडळी सरकारी विद्यापीठांतली, इक्रिसॅट लोकांच्या पैशावर चालणारी. या रोगावर विकण्यासारखं औषधच नाही, त्यामुळे कुठल्याही औषध कंपनीला त्याच्या मागे लागण्यात रस असण्याचं कारण नाही. कृषी विद्यापीठांतली वनस्पतिरोगशास्त्राची पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवणं याचा अर्थ असे रोग न पाहणं, इतका सरळ आहे.

आपल्या कृषी विद्यापीठांनी गहू-भुईमुगाच्या हलक्या जमिनींतून मुळांचे नमुने घेऊन पॉलिमिक्सा आणि क्लम्प विषाणू यांची तपासणी नेमाने करावी, आणि नवी जात प्रसारित करताना तिच्या माहितीत हा एक रकाना घालावा, अशी मागणी शेतकऱ्यांनीच लावून धरायला हवी.

ज्यांच्या गावी गहू आहे त्यांनी या डिसेंबर-जानेवारीत एक करावं. शेतात दरवर्षी त्याच जागी पिवळा किंवा खुजा पट्टा पडत असेल, तर लगेच युरियाची पिशवी फोडू नये. पट्ट्याच्या कडेची चार-पाच रोपं मुळांसकट, मातीच्या ढेकळासकट खणून काढावीत, ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत भरावीत आणि पट्ट्याची जागा, आधीचं पीक, पेरणीची तारीख चिठ्ठीवर लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागात द्यावीत. त्या पट्ट्यातून निघताना कुळव-नांगराची माती तिथेच खरवडून टाकावी, आणि त्या शेतातला गहू पुढच्या वर्षी बियाणं म्हणून राखू नये.